काट्यावर न दिसणारी वाढ

माननीय महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका. बीड जिल्ह्यातल्या एका गावात २८ वर्षं अंगणवाडी चालवली. दर महिन्याला पोरांची वजनं घेतली, उंची मोजली, दंडाला पट्टी गुंडाळली. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, म्हणजे पोर अतिकुपोषित निघालं, की माझ्या पोटात गोळा यायचा. ती मोजणी हवीच. पण तिच्यातून काय निसटतं, ते सांगायला हे पत्र लिहितेय.

एका पाडव्याला ऊसतोडीहून परतलेल्या जोडप्याचा मुलगा माझ्याकडे आला. वय तीन-सव्वातीन. वजन चांगलं, तक्त्यात हिरव्या पट्ट्यात. चौकटीला पाठ लावून बसायचा, खिचडी आली की ताटली पुढं करायचा, पण तोंडातून शब्द नाही. आई म्हणायची, "बाई, ह्याचा बाप बी उशिरानंच बोलला." मीही तेच धरून चालले. दोन महिने माझ्या रजिस्टरात तो 'साधारण' होता.

एक दिवस मदतनीसबाईंनी त्याला मागून हाक मारली. वळला नाही. पातेल्यावर पळी वाजवली, तरी नाही. जवळ घेतलं तर कानाला घाण वास. कान फुटला होता, कधीचा कोण जाणे. उसाच्या फडात कोण बघणार? औषधपाणी झालं, कान कोरडे झाले. पावसाळा सरता सरता चिऊ-काऊची गोष्ट चालली असताना तो उठला, दारावर थाप मारून म्हणाला, "दाल उघल." पोरांनी गिल्ला केला. मला रडू आवरेना. त्यानंतर तो खेळायला लागला, भांडायला लागला, रुसायलाही लागला.

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं, तिसऱ्या वर्षी 'का? का?' करून भंडावतं. दोनाचं मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलं आपलं खेळतं, चाराचं झालं की भातुकलीत कुणाला आई करतं, कुणाला दुकानदार. ज्याला ऐकू येत नाही ते बोलत नाही, न बोलणाऱ्याला पोरं खेळायला घेत नाहीत. शरीर, बुद्धी, माणसांत मिसळणं, सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं असतं. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय. मग माझे ते दोन महिने किती महाग पडले, याचा हिशेब मी आजही मनात करते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, शाळाच पोरांच्या अंगणात नेली. त्या बसून पोरांकडे बघायच्या. आजच्या सेविकेला बघायला वेळ कुठे आहे? पोरं येतात तेव्हा ती मोबाइलला रेंज शोधत असते, ॲपमध्ये लाभार्थ्याचा फोटो जुळत नाही म्हणून पुन्हा पुन्हा काढत असते. नोंद राहिली तर विचारणा होते. पोराशी बोलायचं राहिलं तर कुणी विचारत नाही.

म्हणून मागणं एवढंच. पोरं आल्यापासून आहार वाढेपर्यंतच्या वेळात सेविकेला फोन, माहिती, बैठक काही नको, आणि हे लेखी परिपत्रकात येऊ द्या. तिच्या तोंडी सांगण्याला वर कुणी किंमत देत नाही. वजनाच्या नोंदीशेजारी दर तीन महिन्यांनी एक ओळ वाढवा: ऐकतं का, बोलतं का, कुणाबरोबर खेळतं. ती ओळ आईला वाचून दाखवायची.

आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. ऊसतोड कामगारांची मुलं दसऱ्या-दिवाळीनंतर गावात नसतात. आमच्या भागात पथकाची एक फेरी वैशाखात आणि दुसरी पोळ्यानंतर लगेच ठेवा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका