मानेतल्या नव्या गादीविषयी मित्राला

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि रिपोर्टची झेरॉक्स मिळाली. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबली आहे, अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात, रात्री हात उशाखाली घेता येत नाही, हे वाचून जीव कासावीस झाला. गोळ्या, पट्टा, व्यायाम सगळं करून झालं आणि आता डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत: गादी काढून दोन्ही मणके जोडून टाकायचे, नाहीतर तिथं हलणारी कृत्रिम चकती बसवायची. तू विचारतोस, "उद्यमबागेत टेस्टिंगच करतोस की, मग ती चकती किती वर्षं टिकेल तेवढं सांग."

मी तपासतो ते हायड्रॉलिक सिलिंडर. पण सिलिंडर लाखो वेळा आत-बाहेर करून सील कुठं झिजलं ते बघणं हे रोजचं काम असल्यामुळं चकत्यांच्या चाचण्यांची माहिती मिळेल तेवढी मन लावून वाचली. डॉक्टरांचं काम डॉक्टरांनीच करायचं. मशीनवर काय होतं आणि काय होत नाही, तेवढंच तुला सांगतो.

आधी जोडणीबद्दल थोडक्यात. गळ्याच्या पुढून जाऊन गादी काढायची आणि त्या जागी हाड बसवायचं ही रीत स्मिथ-रॉबिन्सन आणि क्लॉवर्ड यांनी १९५०च्या दशकात मांडली, आणि आजही ती भरवशाची मानतात. अडचण एवढीच की जोडलेला सांधा हलायचा थांबतो आणि त्याची हालचाल वरच्या-खालच्या गाद्यांच्या वाट्याला जाते. १९९९ साली हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा छापला. त्यात वर्षाला सुमारे २.९ टक्के लोकांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू होत होता, म्हणजे दहा वर्षांत साधारण चारांत एकाला. त्यातला किती जोडणीमुळं आणि किती नुसत्या वयामुळं, यावर अजून वाद आहे. पण हलणारी चकती बसवायची धडपड आहे ती याच कारणानं. स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमध्ये पोलादाची गोळी ठेवून पाहिली होती. त्या गोळ्या हाडात रुतायच्या. पुढं इंग्लंडात ब्रिस्टलला कमिन्स यांनी नवी सुरुवात केली, आणि अमेरिकेत मानेच्या पहिल्या चकतीला २००७ साली मंजुरी मिळाली.

आता चाचणी. आयएसओ १८१९२-१ नावाचं एक मानक आहे. त्यात मानेची चकती मशीनमध्ये बसवून पुढं-मागं साडेसात-साडेसात अंश वाकवतात, दोन्ही बाजूंना सहा-सहा अंश कलवतात, चार-चार अंश फिरवतात, आणि वरून ५० ते १५० न्यूटनचा, म्हणजे साधारण ५ ते १५ किलोचा, चढता-उतरता दाब देतात. सेकंदाला एक फेरी, अशा एक कोटी फेऱ्या. मशीन रात्रंदिवस चाललं तरी नुसत्या फेऱ्यांना ११६ दिवस लागतात, आणि मधेमधे थांबवून चकती धुऊन, सुकवून वजन करावं लागतं ते वेगळंच. झीज मोजायची ती मिलिग्रॅममध्ये. प्लास्टिक द्रव शोषून थोडं जड होतं, म्हणून शेजारी एक न हलणारी चकती तशाच द्रवात बुडवून ठेवतात आणि तिचं वाढलेलं वजन हिशेबात धरतात. हे वाचलं आणि त्या लोकांबद्दल आदर वाटला. इतकी काळजी आमच्याकडं सगळे घेत नाहीत.

द्रव म्हणजे पाणी नव्हे. वासराच्या रक्तातला पातळ केलेला सीरम वापरतात, शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर. सांध्यातलं वंगण प्रथिनांचं असतं. नुसत्या पाण्यात प्लास्टिक वेगळ्याच पद्धतीनं झिजतं आणि आकडे फसवतात.

ज्या गोष्टीनं मला रात्रभर विचारात पाडलं, ती पुढची. बऱ्याच चकत्यांमध्ये कोबाल्ट-क्रोमच्या गुळगुळीत धातूवर पॉलिथिलीनचा भाग घासत असतो. हे प्लास्टिक एकाच रेषेत मागं-पुढं घासलं तर त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या त्या रेषेत ताणून बसतात आणि झीज अगदी कमी येते. घासण्याची दिशा सतत बदलत राहिली की त्या साखळ्या आडव्या फाटतात आणि झीज कितीतरी वाढते. खुब्याच्या कृत्रिम सांध्यांवर हे १९९०च्या दशकात नीट कळलं. म्हणजे कुणी चकतीला नुसती 'हो-हो' अशी मान डोलवायला लावली तर ती कागदावर जन्मभर टिकेल! म्हणूनच मानकात वाकणं, कलणं आणि फिरणं एकाच वेळी पण एकमेकांच्या मागं-पुढं चालवतात, म्हणजे घासण्याची वाट वळत राहते. माणूस शेजाऱ्याकडं बघत भाकरी मोडतो तेव्हा मान अशीच वळते. तू चकतीचं माहितीपत्रक मागशील तेव्हा एक कोटी फेऱ्यांचा आकडा दिसेलच, पण त्या फेऱ्या कशा होत्या तेही बघ.

झीज ही एक बाजू. मणक्यांमध्ये बसवल्यावर चकती कशी वागते हे बघायला दान केलेल्या देहांच्या माना वापरतात. त्यावर साधारण दीड न्यूटन-मीटरचा पीळ देऊन प्रत्येक मणका किती अंश हलला ते मोजतात, आधी मूळ गादी असताना, मग चकती बसवून, मग जोडून. जोडल्यावर शेजारचे मणके किती जास्त हलतात हे बघायची रीत येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी यांनी घालून दिली. त्यांनीच १९९८ साली दाखवलं की स्नायू काढलेली मान जेमतेम १० न्यूटनला, म्हणजे किलोभर वजनाला, वाकून कोसळते. आपलं डोकं त्याच्या चार-पाच पट जड! मग आपण ताठ चालतो कसे? शिकागोच्या अविनाश पटवर्धन यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक मणक्याच्या बाजूनं तार ओवली आणि दाब मानेच्या बाकाला धरून खाली नेला. तेव्हा तशीच स्नायू काढलेली मान २५० न्यूटनपर्यंत उभी राहिली. जिवंत माणसात ते काम स्नायू करतात. पटवर्धन हे आडनाव वाचून सांगली-जमखंडी डोळ्यांपुढं आली आणि फार बरं वाटलं.

दान केलेल्या देहांवरून बैलहोंगलच्या त्या वैद्यांची आठवण झाली. त्यांनी देहदान केलं होतं आणि २०१० साली बेळगावातल्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांच्याच मुलानं विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या देहाचं विच्छेदन केलं. त्या वेळी पेपरात वाचून लोक हळहळले होते. मला आता त्या बापलेकांपुढं हात जोडावेसे वाटतात. तुझ्या मानेत काय बसवायचं हे ठरवता येतं ते अशा माणसांच्या जिवावर.

आता मुख्य बोलतो, मित्रा. मशीनवरचा सगळ्यात मोठा दाब १५० न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलो. तुझ्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भाताचा भारा असतो तेव्हा नुसता भाराच २५-३० किलोचा. वर डोकं, वर स्नायूंचा ताण, आणि बांधावरून चालताना बसणारे हिसके. चकती त्यानं मोडेल असं मी म्हणत नाही. मोडण्यासाठीच्या चाचण्या वेगळ्या असतात आणि त्यांत कितीतरी जास्त जोर लावतात. पण एक कोटी फेऱ्यांची झीज जिनं सोसली ती भारा न उचलणारी मान होती. तुझ्यासारख्या मानेवर ती मोजलेली नाही. शिवाय मशीनमध्ये हाड जिवंत नसतं. चकतीभोवती हाड वाढून ती जाम होते, किंवा हाड ठिसूळ असेल तर ती आत रुतते, हे फेऱ्या मोजून कळत नाही. ते माणसांच्याच पाठपुराव्यातून कळतं.

म्हणून डॉक्टरांकडं जाशील तेव्हा गप्प बसू नको. मणक्याच्या मागचे छोटे सांधे झिजलेले आहेत का विचार, कारण ते खराब असतील तर हालचाल टिकवून दुखणंच टिकतं. हाडाची घनता तपासून घे. चकती मणक्याच्या रुंदीला पुरेशी मोठी आहे ना, तेही विचार. लहान चकतीचा भार थोड्या जागेवर येतो आणि ती रुतायचा धोका वाढतो. आणि स्पष्ट सांग की मी शेतकरी आहे, भारे उचलतो. डॉक्टर शहरातले असले की त्यांच्या हे मनातही येत नाही. सांगितलंस तर कदाचित ते जोडणीच सुचवतील, आणि तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नको. नवीन वस्तू म्हणजे तुझ्यासाठी चांगली असं नसतं. माझा कल विचारशील तर तुझी हाडं आणि मागचे सांधे चांगले असतील तर मी चकतीच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर: डोक्यावरचा भारा कायमचा बंद. सुगीला गाडी लावू. थोरल्याला सांग, नाहीतर मी रविवारी येऊन उचलतो. लाजू नको.

चकतीचं नाव आणि मॉडेल डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे आणि मला पाठव. तिच्या चाचण्यांचं जे मिळेल ते शोधून काढतो. तारीख ठरली की कळव. ऑपरेशन बेळगावात होणार असेल तर वहिनींनी आमच्याकडंच राहायचं, लॉजचा विषय काढायचा नाही.

आई-आप्पांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच मित्र