कृत्रिम रक्त शरीरात जातं कुठे, तेवढं विचारा

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून माझी २२ वर्षं गेली. रात्री दोनला थर्माकोलचा डबा काखोटीला मारून आलेला नवरा, मुठीत बायकोच्या रक्ताची नळी. "साहेब, पिशवी द्या ना लवकर." क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का हे बघायला, वेळ लागेल हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून रक्तगट न बघता देता येईल, फ्रिजबाहेरही टिकेल अशा कृत्रिम रक्ताची बातमी आली की आधी मीच हरखतो.

पण एक शंका आहे.

जपानात हिमोग्लोबिन (रक्तात प्राणवायू वाहणारं प्रथिन) स्निग्ध आवरणात भरून, व्यासानं तांबड्या पेशीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे कण बनवलेत. त्यांची माणसांवरची पहिली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ निरोगी पुरुष, जास्तीत जास्त १०० मिली. आमची साधी पिशवीच ३५० मिलीची! आणि बाळंतिणीचं ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव. रक्त गेलेलं शरीर हृदय-मेंदू वाचवायला कातडी, आतडी यांचा पुरवठा आवळतं. अशा वेळी बाहेरून सोडलेले कण कुठे पोचतात, किती वेळ फिरतात, हे धडधाकट माणसावरून कसं कळणार? प्राण्यांमध्ये या कणांना किरणोत्सारी खूण लावून माग काढलाय. शेवटी बरेचसे यकृत आणि प्लीहा ओढून घेतात. रक्तस्रावानं शॉकमध्ये गेलेल्या उंदरांवरही असे प्रयोग झालेत. म्हणजे माग काढणं अशक्य नाही.

नुसत्या रक्तदाबावर भरवसा ठेवू नका. पेशीबाहेरचं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषून घेतं, त्या आकसतात. मॉनिटरवर आकडा चढतो, डॉक्टर हुश्श करतात, आणि केशवाहिन्या कोरड्याच. २००८ मध्ये हिमोग्लोबिनपासून बनवलेल्या जुन्या पिढीच्या पाच कृत्रिम रक्त-उत्पादनांच्या १६ चाचण्या, ३,७११ रुग्ण, एकत्र तपासले, तेव्हा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराच्या झटक्याचा अडीचपटीहून जास्त निघाला. अमेरिकेत त्यातलं एक उत्पादन अपघातग्रस्तांना संमतीविनाच रुग्णवाहिकेत दिलं होतं. आपल्या १०८ च्या गाडीत उद्या हे होऊ नये.

म्हणून कृत्रिम रक्ताची चाचणी इथे मंजुरीला येईल तेव्हा अट घाला: दिलेला द्रव रुग्णाच्या रक्तात किती तास राहिला, यकृत-प्लीहेत किती साठला, लघवीवाटे किती गेला, हे रक्तस्राव झालेल्या रुग्णांत मोजून दाखवा. निरोगी स्वयंसेवकांचे तक्ते त्याजागी चालणार नाहीत. रक्तसंक्रमणातल्या दुष्परिणामांची नोंद २०१२ पासून देशात होतेच, त्यात कृत्रिम रक्ताचा रकाना आत्ताच उघडा.

आणि कृत्रिम रक्त येतंय म्हणून तालुक्याच्या रक्तसाठवण केंद्राचा फ्रिज बंद पडलेला तसाच ठेवू नका. तो दुरुस्त करायला जपानी संशोधन लागत नाही.

आपला,
विदर्भातील एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ