विणलेल्या टोप्या उसाच्या फडापर्यंत जाव्यात

महोदय,
थंडी पडली की अनाथाश्रम, वृद्धाश्रमांसाठी स्वेटर विणणारे हात पुष्कळ पुढे येतात. त्यात ऊसतोड कामगारांच्या लेकरांचीही आठवण व्हावी, ही कळकळीची विनंती. बीडकडची ही कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात आणि ऐन थंडीचे महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, काढतात. तोडणी पहाटेच सुरू होते. तान्ही मुले बांधावर, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली.

गेल्या पौषात आम्ही चौघी मैत्रिणी स्वतः विणलेल्या कानटोप्या घेऊन एका फडावर गेलो. एका बाईने बाळाला टोपी घातली, कानांवरून नीट ओढली, आणि कोयता उचलून ती पुन्हा उसात शिरली.

विणणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. अ‍ॅक्रिलिकची लोकर स्वस्त मिळते, पण विस्तवाने ती वितळून कातडीला चिकटते, आणि ही मुले चुलीपाशीच शेकत बसतात. त्यामुळे खरी लोकर किंवा जाड सुती दोराच घ्यावा. बाळाच्या टोपीला बंद, गोंडे नकोत. आणि गाळप सुरू होताच टोप्या पोचवाव्यात. संक्रांतीनंतर दिल्या तर निम्मी थंडी मुलांनी तशीच काढलेली असते.

– एक वाचक, सातारा