नाव कटलं म्हणजे रोग गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कुष्ठरोग उलटण्याचे प्रमाण नगण्य’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली. म्हणजे औषध पूर्ण केल्यावर रोग परत येणारे फारच थोडे. अभिनंदन! फक्त हे नगण्य कुणी मोजलं आणि कुणाच्या दारात जाऊन, एवढं छापायचं राहिलं.

आमच्या काकांचं ऐका. २००९ साली त्यांनी एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांची, बारा पाकिटं एकही गोळी न चुकवता घेतली. औषधानं लघवी लाल, अंग काळवंडलेलं. गावात कुणी विचारलं, ‘उन्हात लई राबतोस काय?’ तर काका हो म्हणत. बारावं पाकीट संपलं, रजिस्टरात ‘उपचार पूर्ण’ पडलं, नाव कटलं. पुढच्या नऊ वर्षांत आमच्या उंबऱ्यावर कुणी फिरकलं नाही.

२०१८ मध्ये कानाच्या पाळ्यांवर गाठी आल्या. दवाखान्यात नुसतं बघून ‘रिअ‍ॅक्शन आहे’ म्हणाले, म्हणजे रोग परतला नाही, जंतूंविरुद्ध अंगानंच उसळी घेतलीय; आणि प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू. अहो, रिअ‍ॅक्शन अचानक येते, जुने चट्टे लाल होऊन सुजतात, आणि बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. काकांच्या गाठी कित्येक महिने सावकाश वाढत होत्या. पण पाळीला चीर देऊन स्मिअर, म्हणजे जंतू बघायला काचेवर नमुना, घ्यायला तिथं माणूसच नव्हता.

शेवटी काका सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात लेकीकडे गेले. तिथं स्मिअरमध्ये जंतू सापडले. जुनं कार्ड दाखवलं, तर ते सगळं कानडीत! डॉक्टरांनी उलटसुलट करून परत दिलं आणि ‘नवीन रुग्ण’ म्हणून नोंद केली. पूर्वी औषध घेतलेला माणूस नवीन धरायचा नसतो, पण काका झाले नवीन. इकडं रोग उलटलाच नाही, तिकडं नव्यानं झाला. दोन्ही राज्यांचे कागद स्वच्छ! कार्डावर चार ओळी मराठीत असत्या तर कुणाचं काय बिघडलं असतं, हा विषय वेगळा. आम्हा सीमाभागातल्यांना तो रोजचाच.

औषधाला नावं ठेवत नाही. रोग क्वचितच उलटतो, हेही मान्य. पण हा जंतू एकाचे दोन व्हायलाच बारा-चौदा दिवस घेतो. उलटलेला दिसायला कैक वर्षं जातात. तेवढी वर्षं किती जणांना गाठून तपासलं, त्यानं भागल्याशिवाय प्रमाण निघत नाही. आपणहून परत आले तेवढेच मोजले, तर आकडा लहान येणारच.

— एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव, कर्नाटक)

ता. क. बातमीत दोनदा ‘महारोगी’ छापलंय. काकांच्या हाती लागू नये म्हणून काकूनं पेपर गादीखाली सारला.