गाडी विकल्याचा माझ्याच हातचा कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंबाजोगाईच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल आहे. बावीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटण्यांचे मसुदे आणि जुन्या गाड्यांचे विक्री करारनामे, यावर माझं घर चालतं. गेल्या महिन्यात आपल्या पुरवणीत ‘पहिली गाडी जुनीच घ्या’ असा लेख आला होता. सल्ला चांगला आहे, मीही तेच केलं. पण कागदपत्रांबद्दल त्यात एकच ओळ होती, ‘नोटरी करून घ्यावी’. त्या ओळीवर मी अनेक वर्षं जेवलो आणि यंदा तीच घशात अडकली, म्हणून हे पत्र.

आईला दर पंधरवड्याला लातूरला डॉक्टरकडे न्यावं लागतं. तिला आता एसटीत बसवत नाही. दर वेळी भाड्याची गाडी परवडेना, म्हणून गेल्या दिवाळीनंतर दीड लाखाच्या आत काही मिळतं का ते बघायला निघालो. दोन गाड्या मनात भरल्या. एक २०१० ची सँट्रो, पंचाण्णव हजाराला. दुसरी २०१२ ची अल्टो, एमएच १२ पासिंग, एक लाख पस्तीस हजाराला. पोराचा जीव सँट्रोवर. मी ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेलं, त्याला पाचशे रुपये दिले. आख्ख्या व्यवहारात एवढेच पैसे सत्कारणी लागले.

मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधी सीटबेल्ट धरला आणि पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. सँट्रोच्या पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातीची रेघ होती. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, सीना अशा घुसल्या होत्या, की उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या धुऊनपुसून, अत्तर मारून बाजारात आल्या. सीट धुता येते, पण गुंडाळलेला पट्टा कुणी बाहेर काढून धूत नाही. मग त्याने डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवलं, सीटच्या रुळांवरचा गंज दाखवला, आणि ‘चला’ म्हणाला. तसंही सँट्रोचं इंजिन १०८६ सीसीचं. हजार सीसीच्या आत थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून देणाऱ्या विम्याचा, हप्ता २,०९४ रुपये आणि हजार ओलांडलं की ३,४१६, वर जीएसटी. हे दर १ जून २०२२ पासून लागू झालेले. ते सरकार ठरवतं, त्यामुळे कंपनी कुठलीही धरा, फरक नाही. शहाऐंशी सीसीपायी दर साली तेराशे रुपये कशाला घालवायचे? अल्टो ७९६ ची.

अल्टो सकाळी सातला, गार असताना चालू करून बघितली. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. तिथे २३१९ होतं, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. मीटर एक्केचाळीस हजार दाखवत होता आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालं होतं. मिस्त्री हसला, ‘मीटरवर जाऊ नका.’ दहा हजार कमी करून घेतले. चेसिस नंबर मी स्वतः आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, जुळवला, त्यात मात्र माझा हात कुणी धरणार नाही. सतरा अक्षरं-आकडे असतात, आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं येतच नाहीत. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी शून्याच्या जागी ओ मारलेले किती करारनामे तालुक्यात फिरत असतील, देव जाणे.

मग कागद. विकणारा दुकानदार म्हणाला, ‘फॉर्मवर पुण्याच्या मालकाच्या सह्या घेऊन ठेवल्यात. ट्रान्स्फरचे पाच हजार द्या, महिना-दीड महिन्यात नाव लागून जाईल. विम्याचं काय टेन्शन घिऊ नका, फुल विमा हाय, मार्चपर्यंत चालूच हाय की.’ मी पाच हजार दिले. पाचशेच्या मुद्रांकावर करारनामा मीच टाइप केला. ‘आज रोजी दुपारी ठीक १ वाजल्यापासून सदर वाहनामुळे उद्भवणारी सर्व जबाबदारी लिहून घेणार यांची राहील.’ हे वाक्य माझी बोटं झोपेतही टाइप करतील. नोटरीसाहेबांनी ओळखीखातर फी घेतली नाही. शिक्का उमटला आणि मी गाडीचा मालक झालो, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत लातूरहून येताना, रेणापूरच्या अलीकडे, रात्री साडेआठच्या सुमारास उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलो. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन हात बाहेर आलेला. हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर हे रोजचं आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहायला हवं. आई मागच्या सीटवर होती, तिला खरचटलं नाही. बॉनेट, रेडिएटर, बंपर, दोन्ही दिवे गेले. बिल एकतीस हजार.

विमा कंपनीने दावा नाकारला. पॉलिसी पुण्याच्या मूळ मालकाच्या, एका डॉक्टरांच्या नावावर, आरसीही त्यांच्याच नावावर. त्यांनी गाडी केव्हाच विकलेली, म्हणजे नुकसान त्यांचं झालेलं नाही. नुकसान माझं झालं, पण माझा आणि कंपनीचा करारच नाही. मी करारनामा पुढे केला. समोरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘काका, हा तुमच्या दोघांतला कागद आहे.’ बावीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

त्या मुलानेच नियम समजावला. गाडी विकली गेली, की थर्ड पार्टीचा विमा गाडीबरोबर जातो, म्हणजे माझ्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर कंपनीला त्याची भरपाई टाळता आली नसती. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र तसा जात नाही. त्यासाठी खरेदीपासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर घ्यावी लागते. डॉक्टरांना दावा न केल्याबद्दल ५० टक्के बोनसची सूट होती. ती माणसाची असते, गाडीची नाही. पॉलिसी माझ्या नावावर करताना उरलेल्या मुदतीपुरता तो फरक मलाच भरावा लागला असता. काही शे रुपयांचं काम होतं.

खरं सांगायचं तर पॉलिसी नावावर असती तरी एकतीस हजार मिळाले नसतेच. प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात, दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही निम्मी, शिवाय पहिले हजार आपले. मजुरी पूर्ण धरून मी हिशेब केला, एकोणीसेक हजार पदरात पडले असते. त्यामुळे सव्वा लाखाच्या गाडीला फुल विमा घ्यावा का, यावर माझं मत आता डळमळीत आहे. थर्ड पार्टी घ्यावी आणि उरलेले पैसे पोस्टात टाकावेत, असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी खोडून काढू शकत नाही.

झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण होतं. त्या रात्री वेग थोडा जास्त असता आणि मी संपलो असतो, तर बायकोला त्यातला रुपया मिळाला नसता. त्या कागदावरचे मालक-चालक पुण्यात आपल्या दवाखान्यात सुखरूप बसले होते.

आता विकणाऱ्याची बाजू. एप्रिलमध्ये धोतर-टोपीतले एक आजोबा टेबलापाशी आले. पिशवीतून कागद काढला, त्यावर कोपऱ्यात माझाच शिक्का. सहा वर्षांपूर्वी त्यांनी जीप विकली होती. घेणाऱ्याने नाव लावलं नाही, विमाही भरला नाही, आणि त्या जीपखाली एक माणूस गेला. मोटार अपघात दाव्याची नोटीस आजोबांना. ‘तुम्हीच लिवलं व्हतं नव्हं, जबाबदारी त्याची म्हणून?’ मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. उत्तर काय देणार? वकिलांनी सांगितलं ते ऐकवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, आरसीवर ज्याचं नाव तो मालक, भरपाईही त्याच्याच माथी. आजोबांची दोन एकर कोरडवाहू आहे.

कायदा अवघड नाही. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावायचं. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. विमा, पीयूसी, बोजा हे सगळं एमपरिवहन ॲपवर गाडीच्या नंबरावरून दिसतं. आरसीची मुदतही बघावी. पंधरा वर्षं भरली की फेरनोंदणीचे पाच हजार आणि वर पर्यावरण कर. माझ्या अल्टोचं ते २०२७ मध्ये येतंय, आणि हे मला गाडी घेतल्यावर सुचलं.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या दुकानदारांसाठीही नियम आहे. त्यांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना पोर्टलवर द्यायची. तेवढी सूचना गेली, की मूळ मालक मोकळा आणि नाव लावून देण्याचं काम दुकानदाराच्या गळ्यात. मी ज्या चार दुकानांत फिरलो, त्यांतल्या एकाही भिंतीवर असं पत्र दिसलं नाही. देवांचे फोटो भरपूर होते. आपल्या वार्ताहराने लातूर, बीड, नांदेड, परभणीच्या दुकानांत एक फेरी मारून ही अधिकारपत्रं दाखवा म्हणावं, एवढी माझी विनंती आहे.

माझ्याकडून इतकंच केलंय, की दोन्ही फॉर्म भरून, सह्या होऊन समोर आल्याशिवाय मी गाडीचा करारनामा टाइप करत नाही. गेल्या बुधवारी दोघं जण बोलेरोचा व्यवहार घेऊन आले. फॉर्म मागितले तर एकमेकांकडे बघितलं. ‘ते नंतर बघू, आधी नोटरी करा की.’ मी नाही म्हणालो. ते शेजारच्या टेबलावर गेले आणि वीस मिनिटांत काम उरकून चहाला गेले.

नाव छापू नये. धंदा याच लिंबाखाली करायचा आहे.

आपला,
एक टंकलेखक, अंबाजोगाई