पिछाडीकडे बघायला शिकवणाऱ्या भाऊंना

नागपूर

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'काहून बे, हे काय लावलं' म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. जुलैभर ज्यांच्या फोनवर रोज दुपारी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीवरचं तुमचं टाचण येतं, त्यांना पत्र कुणाला आहे ते पहिल्या ओळीतच कळेल.

टूर द फ्रान्स बघायला बसलेला नवखा माणूस तिसऱ्या दिवशी का उठून जातो, हे तुम्ही नेमकं हेरलंत. 21 टप्पे, 23 दिवस, रोज चार-पाच तास, आणि पडद्यावर बहुतेक वेळ दीडशेहून जास्त माणसं एका झुबक्यात निवांत पेडल मारताना दिसतात. क्रिकेटवर वाढलेला माणूस विचारतो, स्कोअर काय? पडद्यावर एकच आकडा असतो, पुढे निसटलेल्यांची आघाडी 4 मिनिटं 30 सेकंद. तो एकटा आकडा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायचा, ही तुमची शिकवण. निसटलेल्यांपैकी प्रत्येक जण एकूण वेळेत पिवळ्या जर्सीच्या, म्हणजे एकूण वेळेत पहिल्या असलेल्याच्या, किती मागे आहे, तो आकडा. समजा एक जण 4 मिनिटं 10 सेकंद मागे आहे आणि आघाडी साडेचार मिनिटांची झाली, तर त्या क्षणी रस्त्यावर तोच 20 सेकंदांनी पुढे आहे, आणि पिवळ्या जर्सीच्या संघाला जीव तोडून पाठलाग करावाच लागणार. तोच माणूस 40 मिनिटं मागे असता, तर घोळक्याने त्याला खुशाल जाऊ दिलं असतं. शेवटी पहिल्या तिघांना मिळणारे 10, 6 आणि 4 सेकंदांचे बोनस वजा करायला विसरायचं नाही. वजाबाकी तिसरीतली, पण ती केल्याबरोबर निवांत दिसणारा घोळका निवांत उरत नाही.

हेल्मेट आणि गॉगलमुळे चेहरे ओळखू येत नाहीत, त्यावर तुमचा क्रमांकांचा कागद. एका संघात 8 जण. म्हणून क्रमांक 1 ते 8, मग थेट 11 ते 18, मग 21 ते 28. शेवटी 9 किंवा 0 असलेला क्रमांक दिसणारच नाही. एककाच्या जागी 1 असेल तर तो बहुधा संघाचा म्होरक्या, आणि 1 हा क्रमांक गतविजेत्याचा. (13 वाट्याला आलेले बरेच जण तो उलटा लावतात. अंधश्रद्धा फक्त आपल्याकडेच असते असं नाही.)

वेळेचं गणितही तुम्हीच सोपं करून दिलंत. फ्रान्सचं उन्हाळी घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडे साडेपाचला शर्यत संपली तर आपल्याकडे रात्रीचे नऊ. सपाट टप्पा असेल तर सव्वाआठला बसलं तरी चालतं. डोंगराचा असेल तर पहिला तास सोडायचा नाही, कारण पुढे कोण निसटतं ते तिथेच ठरतं. मोठे संघ आपला एखादा माणूस त्या टोळीत पेरून ठेवतात. संध्याकाळी शेवटच्या घाटाआधी म्होरक्या मागून येतो, तेव्हा हा पेरलेला गडी वेग कमी करून त्याची वाट बघतो आणि मग पुढे राहून त्याच्यासाठी वारा तोडतो. पहिला तास न बघणाऱ्याला तो माणूस तिथे आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

वाऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. वर्धा रोडला समोरून वारा लागला की पुढच्याच्या पाठीमागे दडावं, हे इथल्या कुठल्याही सायकलवाल्याला सांगावं लागत नाही. बाजूचा वारा वेगळा. तेव्हा आडोसा सरळ मागे मिळत नाही, तिरपा मिळतो. म्हणून रस्त्याच्या रुंदीभर तिरपी रांग धरली जाते. त्या रांगेत रस्त्यात मावतील तेवढेच, समजा पंधरा जण. सोळावा रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठावर, आडोशाविना. तो दोन-चार मिनिटं तग धरतो, मग त्याच्यापुढे एका सायकलीएवढी फट पडते, आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्याबरोबर तुटतात. ती एवढीशी फट अर्ध्या तासात दीड मिनिटाची होऊ शकते. एरवी झोप येणाऱ्या सपाट टप्प्यावर तुमचं टाचण यायचं की अमुक गावाशी रस्ता वळतो, तिथून पुढे उघडी शेतं आणि डावीकडून वारा, आज साडेसहालाच बसा. प्रत्येक वेळी काही घडलंच असं नाही. भीतीपोटी सगळेच संघ पुढे घुसतात, वेग वाढतो आणि कुणीच तुटत नाही, असंही होतं. पण मग तो वेग कशासाठी वाढला, हे तरी समजतं.

10 किलोमीटरला एक मिनिट हा हिशेब फ्रेंच सायकलपटू आणि समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने ओळखला जातो. शेवटच्या 10 किलोमीटरला एकट्याकडे मिनिटभराची आघाडी नसेल तर घोळका त्याला गिळणार. तुम्ही तो सांगितलात आणि लगेच तो कुठे फसतो तेही सांगितलंत. पाठीमागून वारा असेल, गावातली वळणं आणि अरुंद गल्ल्या असतील, निसटलेले एकाऐवजी पाच असतील आणि आळीपाळीने पुढे येत असतील, किंवा स्प्रिंटवाल्या (शेवटच्या काही मीटरांत जोर लावून जिंकणाऱ्या) संघांत 'आधी तुम्ही ओढा' असं सुरू झालं असेल, तर तो हिशेब गुंडाळून ठेवायचा. नुसता नियम सांगणारे पुष्कळ भेटतात.

घाट समजावणं नागपुरात सगळ्यात अवघड. सेमिनरी हिल्सला आपण डोंगर म्हणतो, यातच सगळं आलं. आल्प द्युएझची चढण 13.8 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के, 21 वळणं. या आकड्यांनी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. तुम्ही गुणाकार करून दिलात. ती चढण सुमारे 1100 मीटरची होते, म्हणजे समुद्रसपाटीपासून चिखलदरा जेवढा उंच आहे, जवळपास तेवढी सगळी उंची एका चढणीत. त्यातही वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास आला की आडोशाचा फायदा फारच कमी उरतो. म्हणून सपाटीवर सात जणांनी सांभाळलेला म्होरक्या घाटात एकटा पडतो.

आणि आता पिछाडी. कॅमेरा पुढच्या दोघांवर असतो, तेव्हा मागे आणखी एक शर्यत चाललेली असते, वेळेच्या मर्यादेची. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के जादा मिळतात, त्या पलीकडे पोहोचला तो घरी. विजेता पाच तासांत आला आणि मर्यादा 12 टक्के असेल, तर 36 मिनिटं. म्हणून डोंगरात स्प्रिंटवाले एकत्र टोळी करतात, हिशेब मांडत चढतात आणि उतारावर वेळ भरून काढतात. 29 जून 2024 ला फ्लॉरेन्स ते रिमिनी या पहिल्याच टप्प्यावर स्प्रिंटवाला मार्क कॅव्हेंडिश उन्हाने बेजार होऊन सगळ्यांच्या मागे पडला. संघातले सोबती त्याच्याबरोबर थांबले, त्याला मर्यादेच्या आत घेऊन आले. पाचव्या टप्प्यावर, 3 जुलैला साँ-व्हुल्बाला त्याने टूरमधला आपला 35 वा टप्पा जिंकला आणि एडी मेर्क्सचा 34 चा विक्रम मोडला. पहिल्या टप्प्याची पिछाडी ज्यांनी बघितली नाही, त्यांना त्या विजयाचा अर्धाच भाग कळला, हे तुमचं म्हणणं आम्हाला पुरेपूर पटतं.

त्या सोबत्यांना तुम्ही दिलेलं 'पाणक्या' हे नाव आता आमच्यात रूढ झालंय. संघाच्या गाडीपर्यंत मागे यायचं, जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबायच्या आणि ते ओझं घेऊन पुन्हा पुढे जायचं. गाड्यांची रांगही एकूण क्रमवारीने लागते, म्हणजे मागे पडलेल्या संघाची गाडीही मागे, आणि पंक्चर झालं तर तिची वाटही जास्त बघावी लागते. गरिबाला दुष्काळात तेरावा महिना तो हाच.

एका बाबतीत मात्र तुमचं-आमचं जमत नाही. टाइम ट्रायलच्या, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी शर्यत करायच्या, दिवशी तुम्ही टाचणात 'आज सुट्टी' लिहिता. भाऊ, 1989 मध्ये व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या शेवटच्या 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलआधी ग्रेग लेमाँड 50 सेकंद मागे होता आणि पुढे असलेला लोराँ फिन्यों त्या टूरमध्ये त्याच्याकडून 8 सेकंदांनी हरला. 2020 मध्ये प्लाँश दे बेल फियवर रोग्लिचची 57 सेकंदांची आघाडी एका संध्याकाळी गेली आणि पोगाचार 59 सेकंदांनी टूर जिंकला. मध्येच नोंदलेल्या वेळांचे दोन-तीन आकडे द्या, बाकी आम्ही बघून घेतो.

रस्त्याच्या कडेला उभं राहण्याच्या तुमच्या सूचना पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत बघायला निघालेल्यांच्या फार कामी आल्या. सपाटीवर घोळका ताशी 50 किलोमीटरने काही सेकंदांत निघून जातो, म्हणून चढावर वळणापाशी उभं राहायचं. रस्ता बंद होण्याआधी पोहोचायचं. आणि फोन धरलेला हात रस्त्यात काढायचा नाही, कारण पडद्यावर सायकल असते त्यापेक्षा लांब दिसते. 2021 च्या पहिल्या टप्प्यावर एका बाईंच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या पाटीला टोनी मार्टिन धडकला आणि मागचे कित्येक जण कोसळले. त्या बाई कॅमेऱ्याकडे बघत होत्या, येणाऱ्या शर्यतीकडे त्यांची पाठ होती.

वुएल्ता, म्हणजे स्पेनची अशीच शर्यत, ऑगस्टच्या उत्तरार्धात. घड्याळाचा फरक तोच, साडेतीन तास. क्रमांकांचा कागद आदल्या दिवशी पाठवला तरी चालेल, छापून वाटायचं काम आमचं. या वेळी अक्षर थोडं मोठं ठेवा, 3 आणि 8 मध्ये फार घोळ होतो.

तुमचे,
टाचणाची वाट बघणारे नागपूरचे सायकलवाले