सूर्यचुलीची परीक्षा सूर्यास्तानंतर घ्या

मा. ऊर्जामंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

सूर्यचुलीची एक प्रचलित चाचणी अशी आहे: प्रति चौरस मीटर 700 वॅट ऊन धरायचे, भांड्यातले पाणी हवेपेक्षा 50 अंशांनी गरम असताना चूल किती वॅट देते ते काढायचे. चाचणी चांगलीच आहे, पण ती उन्हातच संपते. रात्रीचा स्वयंपाक अंधार पडल्यावर होतो आणि तेव्हा पुन्हा सरपण नाही तर गॅस पेटवावा लागतो. म्हणून एकच मागणी: दिवसाची उष्णता साठवून रात्री वापरू देणाऱ्या चुलींना मदत देताना त्यांची परीक्षा सूर्य मावळल्यावर चार तासांनी घ्या.

गणित आवाक्यातले आहे. एक चौरस मीटर परावर्तकावर पाच तास सरासरी 800 वॅट ऊन पडले, तर 4 युनिट ऊर्जा येते. त्यातली 40 टक्के साठ्यात उतरली तरी 1.6 युनिट हाती राहते. पाच लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला अर्ध्या युनिटहूनही कमी लागते. म्हणजे ऊन कमी पडत नाही, ते टिकवता येत नाही.

मी स्वतः केलेल्या पहिल्या साठ्यात चाळीस किलो दगड भरले होते. दुपारी ते झकास तापले, संध्याकाळी कोमट! चूक दगडांची नव्हती. शोषक पत्रा साध्या काळ्या रंगाचा होता आणि काच ऊन उतरल्यावरही उघडीच राहिली. 250 अंशांचा पृष्ठभाग 100 अंशांच्या पृष्ठभागापेक्षा जवळजवळ चौपट उष्णता किरणांच्या रूपात बाहेर फेकतो. ऊन शोषणारा पण उष्णता कमी फेकणारा निवडक लेप, उष्णता अडवणारी निर्वात (आतली हवा काढलेली) नळी, ऊन गेल्यावर बंद होणारे जाड झाकण, हे खर्चाचे भाग तिथेच लागतात. नुसत्या दुपारच्या आकड्यावर मदत मिळणार असेल, तर कारागीर नेमके हेच वगळणार.

साठा दगडांचा असो, तेलाचा असो की 118 अंशांच्या आसपास वितळणाऱ्या एरिथ्रिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचा, निवड कारागिरावर सोडा. तेल असेल तर गळती आणि आग यांची तपासणी मात्र सक्तीची हवी. नियमात एवढेच लिहा: सूर्यास्तानंतर चार तासांनी, अमुक चौरस मीटरच्या चुलीने अमुक लिटर पाणी उकळून दाखवावे. तो आकडा चुलीवर ठळक छापावा, म्हणजे घेणाऱ्याला तो दुकानातच वाचता येईल.

आपला,
सूर्यचुली बनवणारा एक कारागीर